मॉरिशस: डोडोचं बेट आणि समुद्रापलीकडची मराठी

औरंगपुऱ्यातल्या एखाद्या पुस्तकाच्या दुकानातून शाळेचा नकाशासंग्रह घ्या आणि हिंदी महासागराचं पान उघडा. आफ्रिकेच्या उजव्या अंगाला मादागास्कर हे भलंमोठं बेट दिसेल. त्याच्याही उजवीकडे नखाखाली झाकला जाईल एवढा एक ठिपका आहे. तो मॉरिशस देश.

आपल्याकडे बहुतेकांना हे नाव पर्यटनाच्या जाहिरातींतून माहीत आहे. पण जुन्या मराठीत पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणायचे, कारण ती मॉरिशसहून जहाजाने मुंबईला उतरायची. कोकणातली हजारो माणसं या बेटावर मजुरीला गेली आणि तिथलीच झाली. त्यांच्या आधीपासून तिथे मुसलमान खलाशी आणि कारागीर राहत होते. आज या छोट्या देशात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शाळेत शिकवल्या जातात. म्हणून आपल्या घरातल्या मुलांना या देशाची ओळख असायला हवी.

थोडक्यात माहिती

- राजधानी: पोर्ट लुईस
- क्षेत्रफळ: सुमारे २०४० चौरस किलोमीटर (मुख्य बेट सुमारे १८६५)
- लोकसंख्या: साडेबारा लाखांच्या आसपास
- सर्वांत उंच शिखर: ८२८ मीटर
- स्वातंत्र्य: १२ मार्च १९६८
- प्रजासत्ताक: १२ मार्च १९९२
- चलन: मॉरिशियन रुपया
- मुंबईपासून अंतर: सुमारे ४७०० किलोमीटर

आपल्या जिल्ह्याचं क्षेत्रफळ दहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हा अख्खा देश आपल्या एका जिल्ह्यात जवळपास पाच वेळा मावेल.

जमीन: दौलताबादचा दगड आणि मॉरिशसचा दगड

मॉरिशस ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट आहे. तिथला दगड काळा, आपल्यासारखाच बेसॉल्ट. हे साम्य योगायोगाने आलेलं नाही. पृथ्वीच्या पोटात एका ठिकाणाहून तप्त रस सतत वर येत राहतो आणि वरचं भूकवच त्याच्यावरून सरकत जातं, असं भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूभाग या जागेवर होता, तेव्हा बाहेर पडलेल्या लाव्ह्याच्या थरांतून दख्खनचं पठार तयार झालं. वेरूळची लेणी ज्यात कोरली आणि दौलताबादचा किल्ला ज्या डोंगरावर उभा आहे, तो हाच दगड. पुढे भारत उत्तरेला सरकला. त्याच जागेवरून लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची रांग होत गेली आणि सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं. आज ती जागा शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

मॉरिशसचे ज्वालामुखी मात्र केव्हाच थंड झाले. मधोमध पठार आहे, तिथे पाऊस भरपूर. पश्चिम किनारा कोरडा. बेटाला जवळपास चहूबाजूंनी प्रवाळाचं कुंपण आहे, त्यामुळे लाटा बाहेरच फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. ऋतू आपल्या उलट चालतात: नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, मे ते ऑक्टोबर थंडी. उन्हाळ्यात चक्रीवादळं येतात. फेब्रुवारी १९६० च्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरं जमीनदोस्त केली. त्यानंतर लोकांनी लाकूड-पत्र्याऐवजी सिमेंटची घरं बांधायला सुरुवात केली.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. इथे आपण पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो. मॉरिशस मक्केच्या खूप दक्षिणेला असल्यामुळे तिथला किब्ला उत्तरेकडे, किंचित पश्चिमेला झुकलेला आहे.

डोडो: ऐंशी वर्षांत कसा संपला

माणूस पोचण्याआधी या बेटावर वटवाघळं सोडली तर एकही सस्तन प्राणी नव्हता. ना वाघ, ना लांडगा, ना साधा उंदीर. शिकारी नसल्यामुळे पक्ष्यांना उडायची गरज राहिली नाही. कबुतराच्या कुळातला एक पक्षी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर राहून मोठा आणि जड झाला, त्याचे पंख आखूड राहिले. हाच डोडो. आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक अंदमान-निकोबारकडे आढळणारं निकोबारी कबुतर आहे.

१५९८ मध्ये डच जहाजं बेटावर आली. खलाशांनी डोडो मारून खाल्ले हे खरं, पण खरा घात केला तो जहाजांबरोबर आलेल्या उंदीर, डुक्कर आणि माकडांनी. डोडोची अंडी जमिनीवर उघडी असायची, ती या प्राण्यांनी फस्त केली. १६६२ नंतर डोडो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. म्हणजे माणसाची आणि त्याची ओळख होऊन शंभर वर्षंही झाली नव्हती.

या पक्ष्याचं एक महत्त्वाचं चित्र हिंदुस्तानात काढलेलं आहे. साधारण १६२५ सालचं हे चित्र बादशहा जहांगीरचा चित्रकार उस्ताद मन्सूर याचं मानलं जातं. आज ते रशियात सेंट पीटर्सबर्गला आहे. जिवंत डोडो समोर ठेवून काढलेल्या मोजक्या रंगीत चित्रांत त्याची गणना होते, आणि डोडो दिसायला कसा होता हे ठरवताना अभ्यासक आजही ते पाहतात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याच सुमारास सुरतेत दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. त्यावरून हे पक्षी जहाजातून सुरतेला येत होते, हे कळतं. त्या वर्षांत आपलं शहर ‘खडकी’ म्हणून ओळखलं जायचं. आफ्रिकेच्या हबशातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने १६१० मध्ये ते वसवलं होतं. हिंदी महासागरातून माणसं, घोडे आणि पक्षी अशी सगळी ये-जा चालू होती, त्याच काळातली ही गोष्ट.

डोडोबरोबर महाकाय कासवंही गेली. काळ्या लाकडाची आबनूसची जंगलं तोडली गेली. नंतर उसाच्या शेतांनी उरलीसुरली जमीन घेतली. आज मूळ जंगलाचा दोन टक्क्यांहूनही कमी भाग चांगल्या अवस्थेत उरला आहे. देशाच्या राजचिन्हावर मात्र डोडो आहे.

जे वाचले, ते कसे वाचले

१९७४ मध्ये मॉरिशसचा छोटा ससाणा जंगलात अवघा चार उरला होता. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचं नाव घेतलं जायचं. जंगलतोड आणि मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी ही त्यामागची मोठी कारणं. १९७९ मध्ये कार्ल जोन्स हे वेल्सचे पक्षीतज्ज्ञ तिथे कामाला आले. त्यांनी घरट्यातली अंडी काढून उबवणी यंत्रात ठेवायला सुरुवात केली. अंडी गेली की मादी पुन्हा अंडी घालते, त्यामुळे एका मोसमात दुप्पट पिल्लं मिळू लागली. पिल्लं हाताने वाढवली, जंगलात सोडली, बाहेरून खाणं पुरवलं. आज हे ससाणे शेकड्यांत आहेत.

गुलाबी कबुतराचंही असंच झालं. १९९० च्या सुमारास जंगलात दहाच्या आसपास पक्षी उरले होते, आता चारशेहून जास्त आहेत. ‘इको’ नावाचा तिथला हिरवा पोपट १९८० च्या दशकात विसाच्याही खाली गेला होता, आता सातशेच्या पुढे आहे.

या पोपटाची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल. आपल्याकडे झाडांवर दिसणारा लाल चोचीचा पोपट त्याचा भाऊबंदच. पण आपला पोपट तिकडे पाहुणा म्हणून गेला आणि घर करून बसला. आता ढोल्यांसाठी आणि खाण्यासाठी दोघांची चढाओढ चालते. आपली साळुंकी टोळधाडीवर उपाय म्हणून नेली, मुंगूस उंदरांवर उपाय म्हणून. दोन्ही तिथे पसरले, आणि मुंगसाने पक्ष्यांची अंडी खायला सुरुवात केली. एका जागी गुणाचा ठरणारा जीव दुसऱ्या जागी नुकसान करू शकतो, हे मॉरिशसने मोठी किंमत देऊन शिकलं.

सरकारने १९९४ मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान केलं. किनाऱ्याजवळच्या ‘इल ओ एग्रेत’ या २६ हेक्टरच्या बेटावरून उंदीर-मांजरं काढून टाकली, परकी झाडं उपटून मूळची लावली आणि संपलेल्या कासवांच्या जागी अल्डाब्रा बेटावरची मोठी कासवं आणून सोडली.

राज्य कोणाचं होतं

अरब खलाशांना हे बेट माहीत होतं. १५०२ च्या एका प्रसिद्ध पोर्तुगीज नकाशावर या भागातल्या बेटाला ‘दिना अरोबी’ असं अरबी वळणाचं नाव आहे. अरब आणि पोर्तुगीज इथे कायमचे राहिले नाहीत. डचांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं, १६३८ मध्ये वसाहत केली, पण वादळं, दुष्काळ आणि उंदीर यांना कंटाळून १७१० मध्ये ते कायमचे निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या माहे द ला बुर्दोने याने पोर्ट लुईस बंदर उभं केलं. शेती आणि बांधकामासाठी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, तरी फ्रेंच कायदा, फ्रेंच भाषा आणि साखरेचे फ्रेंच मालक तसेच राहिले.

१ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी रद्द झाली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून मालकांनी हिंदुस्तानकडे नजर वळवली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजुरांची तुकडी पोर्ट लुईसला उतरली. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून मिळून सुमारे साडेचार लाख माणसं गेली. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापला जायचा. मळ्याबाहेर पडायला पास लागायचा. शेतातले काळे दगड हातांनी उचलून त्यांनी ढीग रचले आणि मोकळ्या जमिनीत ऊस लावला. ते ढीग अजून उसाच्या शेतात उभे आहेत. आपल्या घरात येणारी ‘मोरस’ साखर याच हातांनी पिकवलेली होती.

ही माणसं जिथे उतरायची तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २००८ मध्ये ल मोर्न डोंगराला हा मान मिळाला. पळून आलेले गुलाम त्या डोंगरात लपून राहायचे.

मुसलमान: लश्करांच्या वस्तीपासून राष्ट्रपती भवनापर्यंत

मजुरांच्या कितीतरी आधी, फ्रेंचांच्या काळात, हिंदुस्तानी मुसलमान खलाशी आणि कारागीर पोर्ट लुईसमध्ये राहत होते. खलाशांना ‘लश्कर’ म्हणायचे, म्हणून त्यांच्या वस्तीचं नाव ‘लश्करांची छावणी’ पडलं. १८०५ मध्ये तिथे मशीद उभी राहिली, ती देशातली पहिली. नंतर कच्छ आणि सुरतेकडचे व्यापारी आले. कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी १८५० च्या दशकात पोर्ट लुईसच्या बाजारपेठेत जुम्मा मशीद बांधली, ती आजही शहराची ओळख आहे. पण तिथले बहुसंख्य मुसलमान व्यापाऱ्यांचे वंशज नाहीत. त्यांचे पूर्वज बिहार आणि आसपासच्या मुलखातून आलेले साधे मजूर होते.

१९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचं जहाज मॉरिशसला थांबलं होतं. पोर्ट लुईसच्या ताहेर बागेत मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचा सत्कार केला. मुलांना शिकवा आणि देशाच्या कारभारात भाग घ्या, असा सल्ला त्यांनी तिथल्या हिंदुस्तानींना दिल्याचं सांगितलं जातं.

२०११ च्या जनगणनेत मुसलमान सुमारे १७ टक्के, हिंदू ४८ टक्क्यांच्या थोडे वर आणि कॅथलिक ख्रिस्ती २६ टक्के होते. स्वातंत्र्याच्या वाटाघाटींत मुसलमानांची बाजू मांडणारे सर अब्दुल रझाक मोहम्मद यांचं चित्र २०० रुपयांच्या नोटेवर आहे. त्या वाटाघाटींतून आलेल्या निवडणूक पद्धतीत ६२ निवडून आलेल्या सदस्यांखेरीज जास्तीत जास्त आठ जागा अशा ठेवल्या, की कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजातल्या पराभूत उमेदवारांपैकी चांगली मतं मिळवणाऱ्यांना संसदेत जागा मिळावी. या पद्धतीवर तिथे आजही वाद होतो. कोणी म्हणतं त्यामुळे अल्पसंख्याकांना भरवसा मिळाला, कोणी म्हणतं त्यामुळे माणसाची ओळख धर्माच्या खान्यात अडकली.

कासम उतीम १९९२ ते २००२ राष्ट्रपती होते. २०१५ मध्ये अमीना गरीब-फकीम देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्या मूळच्या शास्त्रज्ञ. बेटावरच्या औषधी वनस्पतींची नोंद आणि तपासणी हा त्यांचा अभ्यासाचा विषय. २०१८ मध्ये एका आर्थिक वादानंतर त्यांनी पद सोडलं.

सगळं गोडीगुलाबीचंच होतं असं नाही. स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, पोर्ट लुईसमध्ये क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली, ब्रिटिश फौज बोलवावी लागली, अनेक कुटुंबांनी मोहल्ले बदलले. तरीही देश सावरला. आज ईदुल फित्र आणि गणेश चतुर्थी या दोन्ही दिवशी देशभर सुट्टी असते.

मराठी माणूस तिथे काय करतो

मुंबई बंदरातून गेलेल्यांत बरेच जण कोकणातले होते, विशेषतः रत्नागिरीच्या बाजूचे. त्यांचे वंशज आज ‘मराठी’ म्हणून ओळखले जातात आणि बहुतेक हिंदू आहेत. कास्कावेल गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गणपती बसतो. कोकणातलं जाखडी नृत्य तिथे ‘झाकरी’ या नावाने टिकलं आहे. मोका इथली महात्मा गांधी संस्था १९७० मध्ये स्थापन झाली, तिथे मराठी शिकवली जाते. जहाजातून आलेल्या मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रंही तिथे जपून ठेवली आहेत. नाव, वय, गाव, जहाज अशी माहिती त्यांत आहे. आपला पणजोबा कोणत्या गावचा हे शोधायला लोक आजही तिथे जातात.

पण घरात बोलायची भाषा बदलली. मराठी कुटुंब असो, मुसलमान असो की तमिळ, बहुतेकांच्या घरात क्रिओल बोलली जाते. वर्तमानपत्रं प्रामुख्याने फ्रेंचमध्ये, सरकारी कामकाज इंग्रजीत. मराठी, उर्दू, हिंदी, तमिळ, तेलुगू, अरबी या भाषा शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मिळतात. म्हणजे आजोबा घरात बोलायचे ती भाषा नातू शाळेच्या तासाला शिकतो. सरकारने शिक्षक दिले, पुस्तकं दिली, संस्था काढल्या. एवढं सगळं करूनही भाषा स्वयंपाकघरात परत आलेली नाही.

आपल्यासाठी यात विचार करण्यासारखं बरंच आहे. आपल्या घरात मराठी आणि उर्दू किंवा दखनी एकाच ताटात वाढलेल्या आहेत. अम्मी एका भाषेत रागावते, शेजारची काकू दुसऱ्या भाषेत हाक मारते. पोरांना इंग्रजी शाळेत घालताना या दोन्ही आपोआप टिकतील असं आपण धरून चालतो. मॉरिशसमध्ये त्या आपोआप टिकल्या नाहीत.

आजचे प्रश्न

२५ जुलै २०२० ला ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळात रुतलं. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात पसरलं. सरकारी यंत्रणा पुरी पडेना, तेव्हा हजारो लोक किनाऱ्यावर जमले. उसाची पाचट पोत्यांत आणि कापडात भरून त्यांनी तरंगते बांध शिवले. काहींनी तेल शोषायला केस कापून दिले.

दुसरा प्रश्न चागोस बेटांचा. स्वातंत्र्य देण्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली. तिथल्या रहिवाशांना हलवून दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ उभा राहिला. हे तोडणं बेकायदेशीर होतं असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये दिलं. मे २०२५ मध्ये दोन्ही देशांनी बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यात तळ ९९ वर्षांच्या भाड्याने ठेवण्याची तरतूद आहे. उठवलेल्या लोकांच्या घरवापसीचा प्रश्न मात्र सह्यांनी सुटत नाही.

तिसरा प्रश्न समुद्राचा. पाणी तापतंय, प्रवाळ पांढरं पडून मरतंय. लाटा अडवणारं ते कुंपण गेलं तर किनारा, मासेमारी आणि पर्यटन या तिन्हींवर जगणाऱ्या देशाला मोठा फटका बसेल.

या बेटावर माणूस मूळचा कोणीच नव्हता. गुलाम, मजूर, मालक, व्यापारी, सगळे जहाजाने आले. डोडो गेला, कारण त्याच्याकडे वेळेवर कोणी लक्ष दिलं नाही. चार ससाण्यांचे शेकडो झाले, कारण काही माणसं वर्षानुवर्षं अंडी उबवत आणि पिल्लांना भरवत बसली. भाषेलाही असंच रोज भरवावं लागतं, आणि ते काम शाळेच्या आधी घरात सुरू होतं.